कृपया आहेर आणू नये

‘रोल नंबर बावन्न’ हा मराठी चित्रपट परदेशात किती चालला, याचा आकडा चित्रपटसृष्टीच्या इतिहासात सापडणार नाही. सापडलाच तर इतिहासकाराने आधी स्वतःची तब्येत दाखवून घ्यावी. पण कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत, लिफ्टशेजारच्या बोर्डावर, ‘टाकी धुण्याचे काम गुरुवारी’ आणि ‘बाल्कनीतून कंगव्यातले केस खाली टाकू नयेत’ या दोन सूचनांच्या मधोमध तो आकडा चांगला आठ दिवस लावलेला होता. तो तिथे कसा आला हे सांगणं भाग आहे, कारण त्यात प्रियदर्शनीची काही चूक नव्हती. निदान ती तरी असंच म्हणते.

चित्रपट तिच्या धाकट्या भावाचा, धम्मदीपचा. घरात दीपू. पहिलाच चित्रपट, अकरावीतल्या दोन मुलांची प्रेमकथा. पुण्यात तो एक आठवडा लागला आणि रोज सकाळी पावणेदहाला लागला. सकाळी पावणेदहाला प्रेमात पडायला पुणेकराला सवड नसते. त्या वेळी तो कुणाशी तरी पार्किंगवरून बोलत असतो. आठवडा संपला आणि चित्रपट उतरला.

तो पूर्ण पाहिलेल्या मोजक्या माणसांत दीपूचे वडील होते. दशरथ रणपिसे, येरवड्याच्या तुरुंगातून एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त. आई गेल्यापासून ते रोज येरवड्याहून बस बदलत कर्वेनगरला लेकीकडे यायचे आणि दिवसभर नातीला, चौदा महिन्यांच्या मैत्रीला, सांभाळायचे. चित्रपटाबद्दल त्यांचं मत त्यांनी मैत्रीला भात भरवता भरवता दिलं होतं.

“अकरावीतली दोन पोरं. क्लासला जातात, येतात. मध्यंतरापर्यंत त्यानं तिचं पेन घेतलं. मध्यंतरानंतर परत दिलं.”

“आणि शेवट, पप्पा?” प्रियदर्शनीने विचारलं.

“शेवटी बारावीला गेली.”

हे समीक्षण दीपूने मनाला लावून घेतलं नाही, कारण छापून आलेली समीक्षणं याहून वाईट होती. शिवाय त्याच्याकडे एक बातमी होती. ती घेऊन तो सोमवारी दुपारी ताईकडे आला.

“ताई, डोमेस्टिक संपलं. आता इंटरनॅशनल.”

वितरकाच्या ऑफिसातल्या राकेशने त्याला तसं सांगितलं होतं. ऑकलंड, दुबई, स्टुटगार्ट आणि न्यू जर्सी, चार गावांत शनिवार-रविवारी एकेक खेळ. अट एकच. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येक गावात चाळीस तिकिटं गेली पाहिजेत, नाहीतर त्या गावचा खेळ रद्द.

“इंटरनॅशनल,” पप्पा म्हणाले. मैत्रीने भाताचा घास त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. “आणि एक तारखेचं काय?”

एक तारीख ही त्या घरातली दुखरी जागा होती. दीपू दीड वर्षापूर्वी एक सरकारी परीक्षा देऊन बसला होता आणि, कलावंताच्या आयुष्यात असे अपघात होतात, पास झाला होता. भंडाऱ्याच्या एका कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून एक तारखेला हजर व्हायचं पत्र आलं होतं. पप्पांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून, कपाटात ठेवलं होतं.

“पप्पा, बाहेर जर चाललं ना,” दीपू म्हणाला, “तर पुढचा चित्रपट मिळेल.”

“बाहेर म्हणजे किती?”

“दोनशे तरी.”

पप्पांनी नातीचं तोंड पुसलं. “साता समुद्रापलीकडं दोनशे माणसं तिकीट काढून तुझं ते पेन बघायला बसली, तर मी भंडाऱ्याचं नाव काढणार नाही. नाही बसली, तर तू बॅग भरायची. शब्द?”

“शब्द,” दीपू म्हणाला. आणि मग बहिणीकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर प्रियदर्शनीला पाठ होती. याच नजरेने त्याने दहावीला भूमितीच्या आदल्या दिवशी कंपास हरवल्याचं सांगितलं होतं.

“त्यात काय,” ती म्हणाली. “एक मेसेज टाकायचा.”

माणसाच्या आयुष्यातली बहुतेक संकटं ‘त्यात काय’ या दोन शब्दांपासून सुरू होतात. उरलेली ‘मी बघते’पासून. प्रियदर्शनी तेही म्हणाली.

तिचा हिशोब चुकीचा नव्हता. सोसायटीत अठ्ठावीस फ्लॅट आणि परदेशात एकतीस मुलं. भारतात राहणारं सोसायटीचं अपत्य म्हणजे एक मैत्री आणि दुसरा तिसऱ्या मजल्यावरचा, तोही व्हिसाची तारीख मिळेपर्यंतच. अठ्ठावीस घरच्या आईबापांनी एकतीस मुलांना सांगायचं, मुलांनी तिकडच्या मराठी मित्रमंडळींना सांगायचं, की झालं. परदेशातल्या मुलांना आईबापांनी सांगितलेलं ऐकावंच लागतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो आणि त्यात तोंड लपवता येत नाही.

अडचण ग्रुपची होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव ‘पाणी व लिफ्ट (फक्त)’ असं होतं. त्यावर पाणी किंवा लिफ्ट सोडून काही टाकलं, की चेअरमन अनिरुद्ध खांबेटे एक शब्दही न लिहिता ग्रुपचं नाव पुन्हा टाकत. एकदा कुणीतरी त्यांनाच वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. त्यांनी उत्तर दिलं होतं: ‘पाणी व लिफ्ट (फक्त)’.

मैत्री दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. प्रियदर्शनीचं सध्याचं सगळं आयुष्य त्या चाळीस मिनिटांत चालायचं. आंघोळ, आलेल्या फोनना उत्तरं, कपाटातल्या पुस्तकाचं अर्धं पान, आणि झोपलेल्या लेकीच्या मुठीत अडकलेलं स्वतःचं बोट न काढता उगीच बसून राहणं. बाळंतपणाआधी ती चौदा जणांची टीम चालवायची. आता नऊ किलोचं एकच माणूस तिला चालवत होतं. त्या दिवशी बोट सोडवून घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर खांबेट्यांची बेल वाजवायला गेली. बेलखाली पाटी होती: ‘एकदा वाजवून वाट पाहावी. आम्ही बहिरे नाही.’

खांबेटे काकांनी मेसेज चष्मा वर-खाली करून वाचला. ‘हाय ऑल! माझ्या भावाची फिल्म तुमच्या सिटीत येतेय. प्लीज लवकर तिकीट बुक करा. लिंक खाली.’

“हे काय आहे?”

“मेसेज आहे, काका.”

“हा मेसेज नाही. ही वसुली आहे.” त्यांनी फोन परत दिला. “ओळख ना पाळख, तिकीट काढा? अहो, माणसाला बोलवायची एक रीत असते. आधी बोलवायचं.”

“बोलवतेच आहे ना.”

“तुम्ही हाक मारताय. बसा.”

टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला चांगलं निवेदन लिहायची संधी निवृत्तीनंतर क्वचित मिळते. काकांनी कोरा कागद घेतला आणि सर्वांत वर, मधोमध, ‘श्रीकृपेकरून’ लिहिलं.

“काका, ते आमच्याकडे नसतं.”

“असं का? मग सुरुवात कशी करता?”

“सप्रेम जय भीम.”

काकांनी पहिला शब्द एका रेषेत खोडला, खाली ‘सप्रेम जय भीम’ लिहिलं, कागद लांब धरून अक्षर कसं आलंय ते पाहिलं आणि त्यांचं त्यांनाच आवडलं. मग हात थांबला नाही. पंधराव्या मिनिटाला मजकूर तयार होता.

‘सप्रेम जय भीम, विनंती विशेष. आमचे चिरंजीव धम्मदीप यांनी दिग्दर्शित केलेल्या “रोल नंबर बावन्न” या चित्रपटाचा मंगल प्रदर्शन सोहळा ऑकलंड, दुबई, स्टुटगार्ट व न्यू जर्सी येथे येत्या शनिवारी व रविवारी योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह अगत्य येण्याचे करावे. आपला नम्र, दशरथ भागुजी रणपिसे. ता. क. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. कृपया आहेर आणू नये.’ आणि त्याखाली, वेगळ्या वळणात: ‘माझ्या मामाच्या सिनेमाला यायचं हं! – चि. मैत्री’.

“पप्पांचं नाव?”

“घरात वडीलधारं माणूस असताना निमंत्रक दुसरं कोण? त्यांचा नंबरही घाला.”

“आणि तिकिटाची लिंक?”

“टाका की खाली. बारीक. पत्रिकेत कार्यालयाचा नकाशा असतो तशी.”

प्रियदर्शनीच्या मनात कुठेतरी काहीतरी खटकलं. पण चिरंजीव मैत्रीच्या नावाची ती ओळ वाचण्यात ती गुंगली होती. लेकीचं नाव पहिल्यांदाच कुठल्यातरी पत्रिकेत आलं होतं. शिवाय वरून रडण्याचा आवाज आला. एकेचाळिसावं मिनिट लागलं होतं. तिने पायऱ्या चढता चढता ‘पाणी व लिफ्ट (फक्त)’वर निमंत्रण टाकून दिलं. खाली खांबेटे काकांनी अंगठा दाखवला. त्या ग्रुपच्या सहा वर्षांच्या इतिहासातला तो पहिला अंगठा.

मंगळवारपासून धमाल सुरू झाली. निमंत्रण अठ्ठावीस घरांतून निघालं आणि जगभर फिरलं. ‘नक्की येतो’, ‘सहा जण’, ‘सासूबाई आल्यात, त्यांनाही आणते’, ‘किती वर्षांनी असं छान बोलावणं आलं!’ खांबेटे काकांनी बोर्डावर तक्ता लावला आणि रोज संध्याकाळी खाली उतरून, पेनाच्या टोपणाचं खट्ट करून, आकडे सुधारू लागले. मंगळवारी शहात्तर. बुधवारी सकाळी एकशे नव्वद. बुधवारी संध्याकाळी दोनशे त्रेसष्ट. लिफ्टची वाट बघणारे लोक लिफ्ट आली तरी तक्ता वाचत उभे राहायचे.

“दोनशे त्रेसष्ट!” दीपूने मैत्रीला हवेत उडवलं. “पप्पा, भंडारा गेलं!”

पप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते पत्रिकेत स्वतःचं नाव बघत होते. दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. “भागुजी पण घातलंय,” एवढंच म्हणाले.

मग त्यांना फोन येऊ लागले. ऑकलंडहून एका मुलीने विचारलं, लहान मुलांची पंगत आधी आहे का. स्टुटगार्टच्या एका बाईंनी रांगोळीचं सगळं आपल्याकडे लागलं, असं कळवलं. न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी ढोलपथक आणतो म्हणून सांगितलं, फक्त कुठल्या दारातून आत यायचं तेवढं कळवा. एकीने थेट प्रियदर्शनीलाच फोन करून “केटरिंगवाल्या तुम्हीच ना?” असं विचारलं आणि बिनकांद्याचं मिळेल का, याची चौकशी केली.

प्रियदर्शनीचा नवरा तेजस आयटीतला. तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, “प्रियू, लोक पिक्चर एक्स्पेक्ट करतायत, की रिसेप्शन?”

“लोक प्रेमाने विचारतायत,” ती ताठ मानेने म्हणाली. पण सोमवारी खटकलेलं पुन्हा खटकलं.

गुरुवारी सकाळी राकेशचा फोन आला.

“मॅडम, इंटरनॅशनलचा आकडा आलाय. नऊ.”

“नऊशे?” प्रियदर्शनीने हर्षाने विचारलं.

“नऊ. सात न्यू जर्सी, दोन स्टुटगार्ट. त्या दोनांत एक जर्मन आहे. त्यानं का काढलंय ते विचारू नका, पण सीट मात्र मधली बघून घेतलीय.”

“अहो, पण दोनशे त्रेसष्ट माणसं येतायत!”

“कुठं?” राकेशने शांतपणे विचारलं.

तिने निमंत्रण पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच ते घाई नसताना वाचलं. त्यात सगळं होतं. सहकुटुंब होतं, इष्टमित्र होते, अगत्य होतं. तिकीट हा शब्द तेवढा कुठेच नव्हता. उलट सर्वांत शेवटी स्वच्छ लिहिलेलं होतं: कृपया आहेर आणू नये. म्हणजे हात हलवत या. दोनशे त्रेसष्ट माणसं चार देशांत हात हलवत यायला निघाली होती. आणि ती बारीक लिंक? ती कुणी दाबलीच नव्हती. पत्रिकेतला नकाशा आजवर कोणी बघितलाय?

तासाभरात तिच्या हॉलमध्ये बैठक भरली. खांबेटे काका आले. त्यांच्याबरोबर चौथ्या मजल्यावरच्या लोणकर काकू आल्या, ज्यांचा मुलगा आनंद ऑकलंडला होता.

“घरच्या कार्याला तिकीट?” काकूंनी डोळे मोठे केले. “अगं, मीच आनंदला सांगितलं, पेढे घेऊन जा म्हणून. लाज वाटेल त्याला.”

“शुद्धिपत्रक काढू या का, काका?” प्रियदर्शनीने विचारलं.

“निमंत्रण गेलं की गेलं,” खांबेटे काका म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, पण तत्त्व उभं होतं. “पाहुण्याला बोलावून मग दारात तिकीट मागायचं, हे पुण्यात आजवर कोणी केलेलं नाही. म्हणजे मनात सगळ्यांच्याच आलं असेल. केलेलं नाही.”

शेवटी एकेकाला फोन करायचं ठरलं. पहिला फोन प्रियदर्शनीने ऑकलंडला आनंदला लावला. तो इतक्या आनंदाने “येतोय हं, पाच जण!” म्हणाला, की तिने तिकडे थंडी किती आहे ते विचारलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या फोनवर तिने मुलांच्या शाळेची चौकशी केली. तिसऱ्यावर तर एका अनोळखी बाईंना मेथीच्या ठेपल्यांची कृती सांगितली. चौदा जणांच्या टीमकडून काम वसूल करणारी तिची जीभ, पण पाहुण्याला ‘येताना तिकीट काढून ये’ म्हणायची वेळ आली की टाळ्याला चिकटायची. सहा फोन झाले. तिकिटं नऊच होती. कडेवर मैत्री तिच्या कानातलं ओढत होती, आणि दीपू खिडकीशी उभा राहून, भंडाऱ्याला बस जाते की रेल्वे, ते फोनमध्ये बघत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दहावीला त्याचा कंपास तिने शोधून दिला होता. हे मात्र तिनेच हरवलं होतं.

“एक सांग,” कोपऱ्यातून पप्पा म्हणाले. “ही माणसं तिथं गेली आणि तिकीट नसलं, तर काय होईल?”

“आत सोडणार नाहीत, पप्पा.”

“दारातून परत?”

“हो.”

“माझ्या नावानं बोलावलेली?”

पप्पा उठले, दाराशी गेले आणि बूट घालून आले. घरात, फरशीवर, नाड्या बांधून. मग सरळ उभे राहून त्यांनी हात पुढे केला. “आण तो फोन.”

“पप्पा,” दीपू चाचरत म्हणाला, “तुमचीच तर पैज आहे.”

“पैज वेगळी. पाहुणा वेगळा.”

त्यांनी पुन्हा आनंदला लावला. “नमस्कार. दशरथ रणपिसे बोलतोय, पुण्याहून. निमंत्रण माझं आहे. लिहिण्यात आमची चूक झाली, ती सांगायला फोन केलाय. तिकीट लागतं. नाही आलात तर राग नाही. आलात तर उपकार. किती माणसं लिहू?”

आणि गप्प राहिले. समोरचा बोलेपर्यंत गप्प राहायचं, ही विद्या एकतीस वर्षांच्या तुरुंगाच्या नोकरीत त्यांना चांगली साधली होती. मोठमोठ्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते; ऑकलंडच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची काय कथा.

“प... पाच, काका,” पलीकडून आलं.

“पाच. धन्यवाद. आणखी कुणाचे नंबर आहेत का?”

गुरुवार तसाच गेला. दुबई झाली, स्टुटगार्ट झालं, संध्याकाळी न्यू जर्सी उठलं तेव्हा न्यू जर्सी झालं. पप्पा उभे राहून बोलायचे, खांबेटे काका शेजारी बसून नावं लिहायचे, आणि प्रियदर्शनी दर दहा मिनिटांनी आकडे बघायची. ढोलपथकवाल्यांनी बावीस तिकिटं काढली, ढोल घरी ठेवायच्या बोलीवर. रांगोळीवाल्या बाई रडल्या. म्हणाल्या, असं खरं बोलणारं माणूस परदेशात भेटत नाही. पेढ्यांची परवानगी मात्र पप्पांनी कायम ठेवली. खाली बोर्डावर काकांनी आधीचा तक्ता उतरवून नवा लावला आणि त्याला प्रामाणिकपणे मथळा दिला: ‘तिकीट काढलेले’.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आकडे असे होते. न्यू जर्सी चौऱ्याहत्तर. ऑकलंड सेहेचाळीस. स्टुटगार्ट एक्केचाळीस, जर्मन धरून. दुबई अडतीस.

“दुबईला दोन कमी,” प्रियदर्शनी म्हणाली. “कोण राहिलंय?”

“माझी पूर्वा आहे की दुबईला,” खांबेटे काका म्हणाले. “ती, जावई आणि दोन मुलं. चार. धरून चाला.”

“त्यांनी काढलीत का?”

“अहो, घरचीच माणसं. धरून चाला म्हणतो ना.”

चार धरले की दुबई बेचाळीस. एकूण दोनशे तीन. दीपूच्या चेहऱ्यावरचा कालपासून उडालेला रंग परत आला. सगळे घड्याळाकडे बघत बसले. पावणेबारा झाले, दुबई अडतीसच. अकरा पंचावन्नला काकांनी ‘सहज’ म्हणून पूर्वाला फोन लावला. ती हळू आवाजात बोलत होती, म्हणजे नवरा शेजारच्या खोलीत होता.

“बाबा, काय सांगू! वरद रुसलाय.”

“कशावरून?”

“म्हणतो, अख्ख्या दुबईला रणपिसेकाकांचा स्वतः फोन गेला. भाजीवाल्याच्या भावालासुद्धा गेला. जावयाला ग्रुपवरचं निमंत्रण. म्हणतो, अशा ठिकाणी मी पाय ठेवणार नाही.”

पप्पांनी फोन ओढून घेतला. “जावईबापू आहेत का? द्या त्यांना.” पलीकडे कुजबुज झाली, दार वाजलं, “आंघोळीला गेलेत म्हणून सांग,” असं स्वच्छ ऐकू आलं. पप्पा बूट घालून, ताठ उभे राहून, थांबले. त्यांची गप्प राहायची विद्या समोर माणूस असेल तरच चालायची. बारा वाजले. दुबईचा खेळ रद्द झाला.

एकशे एकसष्ट.

खांबेटे काका उठले. संध्याकाळी त्यांनी बोर्डावर तो आकडा लावला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘दुबईबद्दल चेअरमन व्यक्तिशः दिलगीर आहेत.’ त्या सोसायटीत चेअरमनची दिलगिरी याआधी कोणी पाहिलेली नव्हती. लोकांनी तिचे फोटो काढले.

शनिवार-रविवारी तीन देशांत तीन खेळ झाले. दीपू येरवड्याला जाऊन कपडे घेऊन आला. पैज ती पैज. सोमवारी दुपारच्या गाडीने निघून, दोन दिवस आधी जाऊन खोली बघायची, असं त्याने ठरवलं होतं. प्रियदर्शनीने त्याला डबा करून दिला आणि डब्यावर चौथ्यांदा घट्ट झाकण लावलं. तिला काही बोलायचं होतं, पण मैत्री मामाच्या बॅगेत जाऊन बसली होती आणि तिला बाहेर काढताना दोघांनाही एकमेकांकडे बघता येईना.

पप्पा जिंकले होते. जिंकलेल्या माणसासारखे मात्र ते दिसत नव्हते. बाल्कनीत बसून ते उगाच कुंडीतली माती चाचपत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“बोला! हां, स्टुटगार्ट. झालं का नीट? पोचलात ना सगळे घरी?” ते खुर्चीत सरळ बसले. “अहो, कसले आभार, तुम्ही आलात हेच. काय? जर्मनसुद्धा शेवटी उभा राहून... बरं, बरं. पुढचं? पुढचं कधी म्हणता?” दारात आलेल्या पाहुण्याने ‘आता पुढचं कार्य कधी’ विचारलं, की यजमानाने जे म्हणायचं असतं, ते त्यांनी म्हटलं. “ठरलं की कळवतोच. तुम्हाला वगळून करणार आहोत का?”

फोन ठेवला तर दुसरा वाजला. ऑकलंडचा आनंद. “पुढचं ना? दिवाळीनंतर बघू म्हणतोय.” मग न्यू जर्सीचे ढोलवाले. “हो, हो, पुढच्या वेळी ढोल आणा. मी स्वतः परवानगी काढतो.” मग रांगोळीवाल्या बाई. “मे महिन्यात धरा. रजा आत्ताच टाकून ठेवा.” प्रियदर्शनी हातात डबा घेऊन बाल्कनीच्या दारात उभी राहिली. तिने दीपूला खुणेने बोलावलं. पाचव्या फोनपर्यंत पप्पांनी हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही मोसम देऊन टाकले होते. आठव्या फोनवर कुणीतरी गोष्टीबद्दल विचारलं असावं.

“नाही, नाही, आता शाळा-कॉलेज नाही. मुलगी नोकरीला लागते. बदलीच्या गावी. एकटी. हो, एकटीच. मुलाचं काय, तो येईल की मागनं.” त्यांनी फोनवर हात ठेवून दीपूला दटावल्यासारखं विचारलं, “येईल ना रे?” आणि उत्तराची वाट न बघता, “येईल,” असं सांगून टाकलं.

शेवटचा फोन दुबईचा होता. पप्पांनी नंबर पाहिला आणि उभे राहिले. “जावईबापू! चूक माझी. काही बोलू नका. पुढच्या कार्याचं पहिलं निमंत्रण तुम्हाला, मी स्वतः देणार. खांबेट्यांच्या नाही, माझ्या तोंडानं. या सगळे. शब्द दिला.”

फोन खाली ठेवून ते आत आले. दीपू बॅग खांद्याला लावून दाराशी उभा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पत्र त्याच्या खिशातून अर्धं बाहेर आलं होतं.

“निघतो, पप्पा. बारा तासांचा रस्ता आहे.”

“कुठं?”

“भंडारा.”

“वेडा आहेस का?” पप्पा खरोखर चिडले. “चौदा घरांना शब्द गेलाय माझा. तू तिकडं जाऊन बसल्यावर इथं मे महिन्यात सिनेमा काय मी काढू?”